थांबत थांबत

म्हाताऱ्या कुत्र्याचे फिरणे हे बरेचसे थांबणेच असते. पुण्यामुंबईच्या कोणत्याही गृहसंकुलात दूधवाला येऊन गेल्यानंतर आणि शाळेच्या बसगाड्या यायच्या आधी जो अर्धापाऊण तास असतो, त्या वेळेत तोंडाभोवतीचे केस पांढरे झालेला एखादा लॅब्रॅडॉर लिफ्टमधून बाहेर येतो, पायऱ्यांपाशी क्षणभर अंदाज घेतो, एकेक पाय सांभाळून उतरतो आणि दहा पावलांवरच्या विजेच्या पेटीपाशी जाऊन उभा राहतो. त्याचे नाक जमिनीपासून दोन बोटांवर स्थिरावते, भिंतीच्या कडेने वर जाते, पुन्हा खाली येते. आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस मोबाइलवरची नजर न काढता दोरीला हलका हिसका देतो. माणसाच्या लेखी फिरणे म्हणजे अंतर कापणे, त्यामुळे संकुलाला किती फेऱ्या झाल्या आणि शी-शू उरकली की नाही एवढ्यावर त्याचा हिशेब मिटतो. कुत्र्याच्या लेखी मात्र फेरीची खरी सुरुवातच त्या पेटीपाशी झालेली असते, आणि त्याचे वय वाढत जाते तसे हे दोन हिशेब एकमेकांपासून अधिकाधिक दूर जाऊ लागतात.

मराठी मध्यमवर्गीय घरातल्या कुत्र्याला म्हातारपण लाभणे ही तशी अलीकडची गोष्ट आहे. वाड्याच्या अंगणात, पडवीत किंवा शेतावरच्या गोठ्यापाशी राहणारा मोती, वाघ्या किंवा राजा हा राखणदार असे. तो उरल्यासुरल्या भाकरीवर जगे, रात्री भुंके, दिवसा आपल्याआपण गावभर हिंडून येई आणि एखाद्या पावसाळ्यात आजारी पडून किंवा दुसऱ्या कुत्र्यांशी झालेल्या भांडणात संपून जाई. त्याला कोणी फिरवायला न्यावे असे कुणाच्या मनात येण्याचे कारणच नव्हते. पुढे ब्लॉकमधले राहणे आले, गॅलरीत मावेल असा पांढरा केसाळ पॉमेरेनियन आला, त्याच्यामागून लॅब्रॅडॉर आला, आणि लसी, नेमका आहार व हाकेच्या अंतरावरचा पशुवैद्य यांच्या आधाराने ही कुत्री १०-१२ आणि कधी १५-१६ वर्षेही जगू लागली. कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची ७, हा सर्वत्र ऐकू येणारा हिशेब फारसा खरा नाही, कारण कुत्रा पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने प्रौढ होतो आणि त्यानंतर त्याचे वय संथपणे वाढते. अमेरिकेतील संशोधकांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या जनुकद्रव्यावर वयानुसार उमटणाऱ्या रासायनिक खुणा माणसांतील तशाच खुणांशी ताडून २०२० मध्ये जे सूत्र मांडले, त्यानुसार १२ वर्षांचा लॅब्रॅडॉर साधारण सत्तरीच्या माणसाजवळ येतो. त्या मापाने पाहिले तर अनेक घरांत सकाळी बाहेर पडणारे आजोबा आणि त्यांच्या हातातील दोरीला बांधलेला कुत्रा हे समवयस्कच असतात.

या म्हातारपणाच्या खुणा एकेक करून येतात आणि घरातल्यांना त्यांची सवय होत जाते. डोळ्यांतील भिंग घट्ट होऊन त्यावर निळसर धुकट झाक येते. हा मोतीबिंदू नसतो आणि त्याने दृष्टी पूर्ण जातही नाही, पण संध्याकाळच्या उजेडात पायरीची कड नीट कळेनाशी होते. कान मंदावतात, आणि हाक ऐकू न आल्याने न आलेला कुत्रा हट्टी झाला असा समज होतो. खुब्याचे व गुडघ्याचे सांधे झिजतात, तेव्हा घरातील गुळगुळीत, चकचकीत फरशी त्याची शत्रू होते. मागचे पाय फाकतात, उठताना नखे घसरतात, आणि दोन-तीनदा असे झाले की कुत्रा पाण्याच्या भांड्यापर्यंत जाण्याचाही कंटाळा करू लागतो. नाक मात्र या सगळ्यांच्या तुलनेत उशिरा थकते. तेही पूर्वीइतके तीक्ष्ण राहत नाही, तरी ज्या कुत्र्याला दारात उभा असलेला पाहुणा दिसत नाही आणि त्याने वाजवलेली घंटा ऐकू येत नाही, त्यालाही तो पाहुणा कोण हे वासावरून कळू शकते. वृद्ध कुत्र्याच्या मनापर्यंत जाणारी वाट कुठून शोधावी याचे उत्तर इथे आहे.

मन हा शब्द इथे सैलपणे वापरलेला नाही. वृद्ध कुत्र्यांमध्ये स्मृती, दिशाभान आणि शिकलेल्या सवयी यांचा जो क्रमाक्रमाने ऱ्हास होतो, त्याला पशुवैद्यकात आकलन-ऱ्हास म्हणता येईल असे स्वतंत्र नाव आहे, आणि त्यात मेंदूमध्ये बीटा-अमायलॉइड या प्रथिनाची तीच पुटे साचतात जी माणसाच्या अल्झायमर विकारात आढळतात. असा कुत्रा ओळखीच्या खोलीत वाट चुकतो, कपाट आणि भिंत यांच्या सांदीत शिरून मागे यायचे विसरतो, दार उघडण्याची वाट पाहताना बिजागरीच्या बाजूला उभा राहतो, दिवसभर झोपतो आणि रात्री दोन वाजता घरभर नखांचा टकटक आवाज करत येरझारा घालतो. कधी तो घरातल्या माणसांना टाळू लागतो, तर कधी क्षणभरही एकटा राहू शकत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ ते १२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्के आणि १५ ते १६ वर्षांच्या कुत्र्यांपैकी ६८ टक्के कुत्र्यांत अशा लक्षणांपैकी निदान एक तरी दिसले. वयच झाले आहे, असे म्हणून घरोघरी ज्या गोष्टी सोडून दिल्या जातात त्यांतला बराच भाग या नावाखाली येतो, आणि उरलेल्यातला बराच भाग न ओळखलेल्या सांधेदुखीचा असतो.

कुत्रा हुंगतो तेव्हा नेमके काय घडते हे पाहिल्याशिवाय विजेच्या पेटीपाशी तो इतका वेळ का थांबतो ते कळत नाही. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाखांच्या आसपास असतात, तर कुत्र्याच्या काही जातींत त्या २० कोटींहून अधिक असतात. हुंगताना तो सेकंदाला सुमारे पाच वेळा हवा आत घेतो. आत आलेल्या हवेचा एक प्रवाह फुप्फुसांकडे जातो आणि दुसरा नाकाच्या मागच्या, वासासाठीच राखलेल्या कप्प्यात वळतो. बाहेर पडणारी हवा नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे फेकली जात असल्याने समोरचा ताजा वास विस्कटत नाही. २०२२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांना कुत्र्याच्या मेंदूत घ्राणकेंद्रापासून थेट दृष्टीच्या भागापर्यंत जाणारे तंतू आढळले, ज्यावरून वासाने जागेची आणि वस्तूची मांडणी करणे हे त्याच्यासाठी पाहण्याच्या किती निकट असावे याची कल्पना येते. रात्री कोण इथून गेले, ते नर होते की मादी, ओळखीचे होते की परके, त्याला किती वेळ झाला, हे सर्व एका ओल्या डागात साठवलेले असते आणि ते उलगडायला लक्ष, स्मृती व तुलना या तिन्ही शक्ती कामाला लावाव्या लागतात. पाय दुखत असताना, डोळे धूसर झाले असताना, मेंदूला एवढे काम देणारी दुसरी कोणतीही जागा त्याच्या दिवसात नसते.

हुंगण्याचा मनःस्थितीशी असलेला संबंध शार्लोट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ मध्ये एका साध्या युक्तीने तपासला. एका बाजूचे भांडे नेहमी भरलेले आणि दुसऱ्या बाजूचे नेहमी रिकामे असते हे कुत्र्यांना आधी शिकवले, आणि मग दोन्हींच्या मधोमध एक भांडे ठेवून कुत्रा त्याच्याकडे किती लगबगीने जातो हे मोजले. संदिग्ध गोष्टीतून चांगले निघेल अशी अपेक्षा असणारा प्राणी तिकडे लवकर जातो, आणि या कलाला अभ्यासक आशावादी निर्णयकल म्हणतात. दोन आठवडे रोज वासाने खाऊ शोधण्याचा सराव केलेली कुत्री त्या मधल्या भांड्याकडे पूर्वीपेक्षा लवकर जाऊ लागली, तर तेवढेच दिवस मालकाच्या पायाशी शिस्तीत चालण्याचा सराव केलेल्या कुत्र्यांत असा फरक पडला नाही. दोन्ही गटांनी हालचाल केली होती, दोघांनाही खाऊ आणि माणसाचा सहवास मिळाला होता. फरक इतकाच की एका गटातील कुत्र्यांनी पुढचे पाऊल कुठे टाकायचे हे स्वतः ठरवले होते.

ठरवण्याच्या या शक्तीचा इतिहास प्रयोगशाळेत, कुत्र्यांच्याच जिवावर, आणि फार निर्दयपणे लिहिला गेला आहे. रशियात पाव्हलोव्ह यांच्याकडे एक असा कुत्रा आला होता की जो चौकटीत पट्ट्यांनी बांधून उभे राहणे काही केल्या सहन करत नसे. त्या शास्त्रज्ञाने १९१७ मध्ये त्याच्या या धडपडीला स्वातंत्र्याची प्रतिक्षिप्त क्रिया असे नाव दिले. पुढे १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे झटके दिले की जे काहीही केले तरी थांबत नसत, आणि नंतर त्यांना अशा पेटीत सोडले की जिथे मधला बुटका अडसर ओलांडला की झटका बंद होई. त्यांतील बहुतेक कुत्री अडसर न ओलांडता जागीच पडून राहिली, आणि आपल्या करण्याने काहीच बदलत नाही हा अनुभव अंगवळणी पडल्यावर येणाऱ्या या अवस्थेला शिकलेली असहायता असे म्हटले जाऊ लागले. त्यानंतरचा १९६८ चा भाग कमी सांगितला जातो. या कुत्र्यांना बरे करण्यासाठी गळ्यात दोरी बांधून पुन्हा पुन्हा ओढत अडसरापलीकडे न्यावे लागले. सुरुवातीला खूप जोर लागला, मग तो कमी कमी होत गेला आणि शेवटी ती आपण होऊन उड्या मारू लागली. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी आपला सिद्धान्त उलटा केला: दीर्घ संकटात निष्क्रिय होणे ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया आहे, ती शिकावी लागत नाही, शिकावे लागते ते आपल्या करण्याने काही बदलते हे.

वृद्ध पाळीव कुत्र्याचा दिवस या दृष्टीने पाहिला तर त्यात ठरवण्याजोगे फारच थोडे उरलेले असते. काय खायचे, कधी खायचे, दार कधी उघडणार, कोणत्या खोलीत जायची परवानगी आहे, औषधाची गोळी चपातीच्या तुकड्यात की चीजमध्ये, हे सारे दुसरे कोणी ठरवते, आणि तेही बहुधा प्रेमानेच ठरवते. त्याच संकुलाच्या फाटकाबाहेर राहणाऱ्या गल्लीतील कुत्र्याचे आयुष्य याच्या नेमके उलट असते. त्याला भूक, खरूज, वाहने आणि दगड यांच्याशी सामना करावा लागतो आणि त्यामुळे म्हातारपणापर्यंत पोहोचणारे त्यांच्यात थोडेच असतात. पण सावली कुठे, चहाच्या टपरीवरचा कोणता माणूस बिस्किट टाकतो, कोणत्या मोटारीखाली इंजिनाची ऊब अजून आहे, असे शेकडो लहान निर्णय तो दिवसभर घेत असतो. पाळीव कुत्र्याला मिळालेली सुरक्षितता काढून घ्यावी असे कोणीही म्हणणार नाही. तरीही त्या सुरक्षिततेने जे हिरावले त्यातले थोडेसे परत करण्याची दिवसातली हमखास जागा म्हणजे सकाळ-संध्याकाळची फेरी, आणि ती फेरीही जर दोरीच्या हिसक्यांनी चालवली तर ते थोडेसेही त्याच्या हाती लागत नाही.

फिरण्याच्या आशेवर कुत्र्याचे मन किती टांगलेले असते याची एक नोंद चार्ल्स डार्विन यांच्या १८७२ च्या भावाभिव्यक्तीवरील ग्रंथात आहे. त्यांच्याकडे पूर्वी असलेला एक मोठा कुत्रा फिरायला निघाला की मान ताठ, शेपूट उंच करून, ऐटीत पुढे दुडदुडत असे. घरापासून थोड्या अंतरावर एक पायवाट रोपांच्या काचघराकडे वळत असे, आणि डार्विन तिथे प्रयोगासाठी लावलेली झाडे पाहायला वरचेवर जात असल्याने, त्यांचे शरीर त्या वाटेकडे किंचित कलले तरी कुत्र्याचे डोके, कान, शेपूट सगळे एकदम खाली येई. त्याच्या या पडलेल्या चेहऱ्याला घरात 'काचघराचा चेहरा' असे नावच पडले होते, आणि डार्विन कधीकधी केवळ तो पाहण्यासाठी मुद्दाम तिकडे वळून बघत. गमतीने सांगितलेल्या या हकिकतीत एक गंभीर गोष्ट आहे: फिरणे हे कुत्र्यासाठी पुढे काय येणार याची अपेक्षा असते, आणि अपेक्षा करणे हे जिवंत मनाचे लक्षण आहे. खुंटीवरची दोरी खाली काढल्याच्या आवाजाने, किंवा कान गेले असतील तर तिच्या वासाने, जो म्हातारा कुत्रा अजून मान वर करतो, त्याला उद्याची कल्पना आहे असे म्हणता येत नसले तरी पुढच्या दहा मिनिटांची नक्कीच असते.

चालण्याने मेंदू टिकतो हे सिद्ध झाले आहे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. वृद्ध बीगल कुत्र्यांवर झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात, ज्यांना सोबती, खेळणी, डोक्याला चालना देणारी कोडी आणि आठवड्यातून दोनदा २० मिनिटांचे बाहेरचे फिरणे मिळाले व शिवाय पेशींची झीज रोखणारी द्रव्ये मिसळलेला आहार मिळाला, त्यांची नवे शिकण्याची क्षमता सर्वांत चांगली टिकली. पण त्यात चालण्याचा वाटा किती हे वेगळे काढता येत नाही. अमेरिकेतील श्वान-वार्धक्य प्रकल्पाने १५,०१९ कुत्र्यांच्या मालकांकडून मिळवलेल्या माहितीवरून २०२२ मध्ये असे मांडले की इतर बाबी सारख्या धरल्या तर निष्क्रिय कुत्र्यांत आकलन-ऱ्हासाचा संभव फार सक्रिय कुत्र्यांच्या तुलनेत सुमारे साडेसहा पट दिसतो. यातही चालणे थांबल्याने मन ढासळले की मन ढासळल्याने चालणे थांबले, हा प्रश्न मोकळाच राहतो आणि तो संशोधकांनीही मोकळाच ठेवला. मात्र घरात बसलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यासमोर उभे राहिल्यावर या प्रश्नाचे महत्त्व कमी होते, कारण आधी काय घडले हे ठरेपर्यंत त्याच्याकडे वेळ नसतो, आणि हळू चालण्याने त्याचे नुकसान होईल अशी शक्यता फार थोडी असते.

नियमितपणाचे मोल इथे आणखी एका कारणाने वाढते. ज्याच्या स्मृतीतले दुवे निखळू लागले आहेत त्याला ठरलेली वेळ, तोच जिना, तेच फाटक आणि उन्हाची तीच तिरीप हे दिवसाचे खांब ठरतात. सकाळचा प्रकाश डोळ्यांवर पडला की शरीरातील झोप-जागेचे घड्याळ ताळ्यावर राहायला मदत होते आणि रात्रीच्या येरझारा काही अंशी कमी होऊ शकतात. महाराष्ट्रात हे वेळापत्रक ऋतू ठरवतो. विदर्भातल्या मे महिन्यात सूर्य वर येण्याआधी परतावे लागते, कारण तापलेले डांबर पंजाचे तळवे भाजते आणि धाप लागलेल्या वृद्ध कुत्र्याला उष्माघात व्हायला वेळ लागत नाही. कोकणातल्या आषाढात निसरड्या जांभ्यावरून आणि साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे लागते, आणि परतल्यावर कानामागे व बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधणे हा फेरीचाच भाग होतो. पुण्यातील ज्या टेकडीवर तो तरुणपणी सुसाट धावला तिचा चढ आता त्याच्या खुब्यांना झेपत नाही, तेव्हा पायथ्याचा सपाट पट्टा पुरेसा होतो. आणि ऐकू न येणाऱ्या कुत्र्यावर गल्लीतील टोळी मागून चालून येणार नाही हे पाहणे दोरी धरणाऱ्याकडे येते. एका लांब फेरीपेक्षा तीन छोट्या फेऱ्या त्याला अधिक मानवतात, आणि ज्या दिवशी लंगडणे वाढते त्या दिवशी फेरी रेटण्याऐवजी पशुवैद्याकडे जाणे शहाणपणाचे असते, कारण दुखण्यावर उपचार झाल्यावर मंद भासणारा कुत्रा पुष्कळदा पुन्हा उत्सुक झालेला दिसतो.

माणूस आणि कुत्रा यांच्या एकत्र चालण्याच्या दोन कथा मराठी मनाला लहानपणापासून परिचित आहेत, आणि त्यांत चालण्याचा क्रम एकमेकांच्या उलट आहे. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात पांडव हस्तिनापूर सोडून निघतात तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागोमाग चालत राहतो, द्रौपदी आणि भाऊ एकेक करून वाटेत पडतात तरी तो मागे हटत नाही, आणि या सोबत्याला टाकून स्वर्गात यायला युधिष्ठिर नकार देतो. नामदेवांच्या आख्यायिकेत मात्र पोळी उचलून पळणारा कुत्रा पुढे आहे आणि ती कोरडी खाऊ नको म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारा संत मागे आहे. पहिल्या कथेत निष्ठेची कसोटी आहे, दुसऱ्या कथेत दुसऱ्याच्या गरजेमागे जाण्याची. तरुण कुत्र्याचे आणि माणसाचे नाते बहुतेक वेळा पहिल्या कथेच्या वळणाने जाते, कारण तो मागे येतो, हाकेला धावतो, माणसाच्या वेगाशी आपला वेग जुळवतो. तो म्हातारा झाला की क्रम बदलण्याची पाळी माणसाची असते, आणि हे माणसाला जड जाते. अंतर न कापता, कुठेही न पोहोचता, दुसऱ्याच्या कुतूहलाच्या मागे उभे राहणे ही ज्या समाजात वेळ वाया घालवण्याची व्याख्या झाली आहे, तिथे ते जड जाणारच.

पुढे एक वेळ अशी येते की पाय साथ देत नाहीत. तेव्हाही मागच्या पायांखाली मऊ कापडाची झोळी धरून, किंवा उचलून, इमारतीच्या पायथ्याशी गवतावर त्याला नेऊन बसवता येते, आणि वारा ज्या दिशेने येतो तिकडे नाक करून तो जे करतो तेही फिरणेच असते. त्याच्या औषधावर, खास आहारावर आणि मऊ गादीवर माणसे मनापासून खर्च करतात आणि तो खर्च योग्यच असतो. परंतु त्याला सर्वाधिक हवी असलेली गोष्ट विकत मिळत नाही आणि ती नोकरावर पुरती सोपवताही येत नाही. ज्यांच्या घरी असा वृद्ध जीव आहे त्यांनी दिवसातली निदान १५ मिनिटे मोबाइल घरी ठेवून त्याच्याबरोबर बाहेर पडावे. दिशा त्याची असावी, वेग त्याचा असावा, थांबे त्याचे असावेत. माणसाने फक्त वाहने, तापलेला रस्ता आणि परकी कुत्री एवढेच सांभाळावे आणि दोरी सैल ठेवावी.